रहिवासी येईपर्यंत

१

उडुपीतल्या आमच्या ऑफिसची किल्ली माझ्याकडे असते. साडेनऊला शटर वर करायचं, खालच्या हॉटेलातला सांबाराचा वास दिवसभर कपड्यांना राहू नये म्हणून रस्त्याकडची खिडकी लावायची, आणि निरंजन यायच्या आत आदल्या दिवसाच्या नोंदी वाचून काढायच्या, हा माझा सहा वर्षांचा क्रम. निरंजन उडुप म्हणजे आमचा मालक, आणि प्रोग्रामरही तोच. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. मला वारिजक्का म्हणतो आणि माझ्या डब्यातल्या चटणीवर पहिला हक्क सांगतो.

मी टिपणं लिहिते. आधी पंपांची आणि वजनकाट्यांची माहितीपुस्तकं लिहायचे. ती कुणी वाचत नसे. पंप बंद पडला की लोक सरळ दुकानदाराला फोन करायचे. आता माझा वाचक वेगळा आहे. निरंजन एजंट बनवतो. फोनवर माणसासारखं बोलणारा, सांगितलेलं काम आपल्या अकलेनं तडीला नेणारा. त्याच्या हाताशी टूल्स दिलेली असतात. एक फोन जोडायचं, एक दिवा घालवायचं, एक नर्सला हाक मारायचं. कुठलं टूल केव्हा वापरावं, केव्हा वापरू नये, त्याला काय सांगावं लागतं आणि ते उलट काय सांगतं, हे एजंटला माझ्या टिपणातून कळतं. दुसरीकडून कुठूनही कळत नाही.

"त्याला डोळे नाहीत, अक्का," निरंजन मला पहिल्या दिवशी म्हणाला होता. "तुम्ही लिहिलंत भिंत आहे, की भिंत आहे. तुम्ही लिहायला विसरलात, की भिंत नाही. धडकेपर्यंत चालत राहील बिचारा."

माणूस अडला तर शेजारच्याला विचारतो. हा विचारत नाही. लिहिलं तसं करतो. मला ते आवडायचं. इतक्या वर्षांच्या लिखाणात असा आज्ञाधारक वाचक मला भेटला नव्हता.

२

ब्रह्मावरच्या पुढे, पोफळीच्या बागेत, 'नेम्मदी निलय' नावाचा वृद्धाश्रम आहे. चोवीस खोल्या. बहुतेकांची मुलं आखातात, नाहीतर बंगळुरात. ग्लॅडिसबाई मेंडोन्सा तिथल्या व्यवस्थापक. साठीच्या, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं फटकळ. फोन घ्यायला माणूस मिळेना म्हणून त्यांनी आमचा एजंट घेतला. तिथले म्हातारे त्याला 'ऑपरेटर' म्हणतात.

ऑपरेटरचं सगळ्यात जास्त वापरात असलेलं टूल होतं 'रहिवाशाला फोनवर बोलवा'. खोलीतला फोन वाजवायचा, रहिवाशानं उचलला की बाहेरच्या माणसाशी जोडून द्यायचं. साधं काम. पण पहिल्याच आठवड्यात ग्लॅडिसबाईंचा फोन आला.

"अहो वारिजाबाई, तुमचा ऑपरेटर आठ घंट्या वाजवून फोन ठेवून देतो. आमच्या लीलावतम्मांना वॉकर धरून उठायलाच दहा घंट्या लागतात. तिकडे दम्मामला मुलगा समजतो, आई रुसली."

मी टिपणात एक वाक्य घातलं: रहिवासी येईपर्यंत वाट पाहावी.

महिन्याभराने दुसरी तक्रार. फोन उचलला की एजंट नाव विचारायचा, नीट ऐकू आलं नाही की पुन्हा विचारायचा. सहा नंबरचे कामतमास्तर त्याच्यावर ओरडले होते, "अरे, माझ्या खोलीत मी नाही तर कोण असणार?" ग्लॅडिसबाईंनी मला ते हसत हसत सांगितलं. मलाही हसू आलं, आणि म्हाताऱ्याचं म्हणणं पटलंही. मी दुसरं वाक्य घातलं: खोलीतला फोन जो उचलेल तो रहिवासी समजावा.

दोन्ही वाक्यं स्पष्ट होती. लहान होती. त्यांचा दुसरा अर्थ निघत नव्हता. निरंजननं वाचून अंगठा वर केला. त्यानंतर वर्षभर एक तक्रार आली नाही.

३

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी मी नोंदी वाचत होते. एका ओळीवरून नजर पुढे सरकली आणि परत मागे आली.

खोली ११. शीनप्पा बंगेरा. ठरलेला साप्ताहिक फोन, शुक्रवार, दुपारी चार. रहिवासी आले. मुलीला जोडून दिलं. बोलणं एकोणीस मिनिटं.

शीनप्पा गेले त्याला तीन आठवडे होऊन गेले होते.

त्यांना मी एकदाच भेटले होते. मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. साखरेपायी दोन्ही पाय गुडघ्याखाली कापलेले. मी तिथे फोन समजावून द्यायला गेले तेव्हा चाकाची खुर्ची माझ्यापाशी आणून म्हणाले होते, "पुस्तकं लिहिता काय तुम्ही यंत्रांची? आमच्या इंजिनाचं पुस्तक लिहिणारा कधी होडीत बसलाच नव्हता, मारायरे." मारायरे म्हणजे आमच्याकडचं 'महाराज'.

मला वाटलं, खोलीत नवीन कुणी आलंय आणि नाव बदलायचं राहिलंय. मी ग्लॅडिसबाईंना फोन लावला.

"अकरा? रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "कुलूप आहे. मुलगी मस्कतला. तिला रजा मिळाली नाही, शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही बिचारीला. चुलतभावानं सगळं केलं. म्हणाली, सामान राहू द्या, मी येऊन नेईन. म्हणून नाव पाटीवर ठेवलंय."

"शुक्रवारी चारला कुणी होतं का खोलीत?"

"कुणी कसं असेल? किल्ली माझ्या कमरेला."

"मग फोन कुणी उचलला?"

"ते तुम्ही सांगायचं, बाई. यंत्र तुमचं."

४

मी मागच्या नोंदी काढल्या. हे तीन शुक्रवार चाललं होतं.

दर शुक्रवारी चारला एजंट आधी खोलीत फोन वाजवायचा आणि वडील आले की मस्कतला मुलीला जोडून द्यायचा. मुलीनं, प्रफुल्लानं, तसं कधीचं सांगून ठेवलेलं. वडील गेल्यावर ते बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. एजंटच्या डोक्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानं चारला अकराचा फोन वाजवला आणि माझ्या टिपणात लिहिलं होतं तसं केलं. रहिवासी येईपर्यंत वाट पाहिली.

पहिल्या शुक्रवारी तो मागच्या टोकाच्या त्या बंद खोलीत, कुणाला ऐकू न जाता, तीन तास दहा मिनिटं वाजवत राहिला होता. मग फोन उचलला गेला.

दुसऱ्या शुक्रवारी एक तास बावीस मिनिटं.

तिसऱ्या शुक्रवारी सव्वीस मिनिटं.

हे आकडे मी कागदावर एकाखाली एक लिहिले आणि बघत बसले. खाली हॉटेलात कुणीतरी तव्यावर पाणी मारलं, त्याच्या चरचरण्याने मी दचकले. पहिल्यांदा लांबून यावं लागलं असावं, असा एक विचार मनात आला. दुसऱ्यांदा वाट माहीत झालेली. मी तो विचार झटकला. बिघाडालाही असा क्रम असू शकतो. आकडे लहान होत जाणं यात भुताटकी काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं, आणि कागद उलटा करून ठेवला.

निरंजन आल्यावर त्याला दाखवलं. त्यानं खुर्ची ओढली, तासभर बघत होता.

"एजंट थापा मारत नाहीये," तो म्हणाला. "तिथे जिन्याखाली फोनची पेटी आहे ना, तिचीही नोंद तेच म्हणते. अकरा नंबरचा रिसीव्हर उचलला गेला. तार लागली. बोलणं झालं."

"बोलणं ऐकता येईल?"

"नाही हो. लोकांचं घरचं बोलणं आपण ठेवत नाही. करारातच आहे." त्यानं माझ्याकडे बघितलं. "अक्का, टिपण आजच सुधारा. दोन मिनिटांत कुणी आलं नाही तर ठेवून द्यावा म्हणून लिहा. संपलं."

मी हो म्हटलं आणि सुधारलं नाही.

हे मला लपवायचं नाही. मला संशय आला होता, आणि तो माणसांचा होता. कुणीतरी किल्ली घेऊन त्या खोलीत जातं, मेलेल्या बापाच्या नावानं मुलीशी बोलतं, असं माझं ठाम मत झालं. टिपण सुधारलं असतं तर तो माणूस निसटला असता. मला तो हातात सापडायला हवा होता.

५

त्या आठवड्यात मी सगळ्यांवर संशय घेतला.

आधी ग्लॅडिसबाई. किल्ली त्यांच्याकडे. पण त्यांचा आवाज बायकी नि चिरका, त्या शीनप्पा होऊन एकोणीस मिनिटं बोलतील हे पटेना. मग कुसुमा, तिथली आया. मागच्या बाजूच्या खोल्या तीच झाडते. मग कामतमास्तर, कारण त्यांना नकला करायची हौस. एका दुपारी तर मी निरंजनवरही संशय घेतला. पेटीची नोंद खोटी करता येणारा माणूस तोच. त्यानं चटणीकडे हात नेला तेव्हा मी डबा मागे ओढला.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. तू शुक्रवारी चार वाजता कुठे असतोस?"

"इथेच. तुमच्या समोर. तुम्ही रोज मला चहा देता." तो हसला, पण मी हसत नाहीये हे पाहून थांबला. "अक्का, घरी जाऊन झोपा जरा."

खरंच तो समोरच असायचा. मलाच आठवायला हवं होतं.

चौथ्या शुक्रवारी मी ग्लॅडिसबाईंना सांगून बंदोबस्त केला. खोलीला कुलूप, किल्ली बाईंच्या मुठीत, दाराबाहेर कुसुमा स्टुलावर. मी ऑफिसात नोंदीच्या पडद्यासमोर.

चारला वाजायला लागला. चार वाजून चार मिनिटांनी पडद्यावर उमटलं: रहिवासी आले.

मी लगेच ग्लॅडिसबाईंना मोबाइल लावला. "उघडा! आत्ता उघडा!"

पलीकडून चपलांचा, मग किल्लीचा, मग दाराचा आवाज आला.

"कुणी नाही," ग्लॅडिसबाई म्हणाल्या. "फोन जागेवर आहे. कुसुमा म्हणते, वाजत होता तो बंद झाला, इतकंच. दाराजवळ मांजरसुद्धा आलं नाही." आणि मग आवाज खाली आणून, "वारिजाबाई, तुमचं यंत्र खोटं बोलतंय."

माझ्यासमोर पडद्यावर बोलण्याची मिनिटं वाढत होती. सहा. सात. आठ.

६

पाचव्या शुक्रवारी मी स्वतः गेले.

तीनच्या बसनं ब्रह्मावर, तिथून रिक्षा. ऊन चांगलं होतं. पोफळीच्या सावल्या अंगणभर उभ्या पडल्या होत्या आणि व्हरांड्यात लीलावतम्मा वाती वळत बसल्या होत्या. ग्लॅडिसबाईंनी गोळीबज्यांची, मैद्याच्या गोल भज्यांची, बशी पुढे केली. मी एक उचललं आणि ते तोंडात फिरत राहिलं.

"दार आतून लावून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "मी व्हरांड्याच्या टोकाला उभी आहे."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटत नाही काही. मी तीस वर्षं म्हाताऱ्यांत आहे. खोली रिकामी झाली की ती रिकामी झाल्यासारखी वाटते. ही वाटत नाही." त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "म्हणून मी हल्ली तिकडे जात नाही."

अकरा नंबर मागच्या अंगाला, शेवटची खोली. आत लोखंडी पलंग, गुंडाळलेली गादी, एक ट्रंक, भिंतीला टेकून घडी केलेली चाकाची खुर्ची. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर फोन. फिनेलचा वास. खिडकीला गज, गजांतून पोफळीची खोडं. मी पलंगाखाली वाकून पाहिलं. ट्रंक उघडून पाहिली. न्हाणीघरात जाऊन पाहिलं. कोरडं होतं. एक प्लास्टिकचं स्टूल, एक बादली, वर तावदानाची छोटी फट. तिथेही भिंतीवर एक फोन होता, अगदी खाली, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. म्हातारं माणूस न्हाणीत पडलं तर हात पोचावा म्हणून सगळ्या खोल्यांत तसा बसवलेला. दोन्ही फोन एकाच तारेवर.

न्हाणीघराचं दार फुगलं होतं, पुरतं लागेना. वीतभर फट राहिली. मी बाहेर येऊन पलंगाच्या कडेवर बसले, समोर भिंतीवरचा फोन, हातात मोबाइल, त्यावर नोंदींचा पडदा.

चारला पाच मिनिटं होती. खिडकीबाहेर कुणीतरी झावळ्या ओढत होतं. मी मनात म्हटलं, वाजेल, वाजत राहील, कुणी उचलणार नाही. मी इथे बसलेय म्हणजे चोर येणार नाही. पुढच्या सोमवारी टिपण सुधारीन आणि निरंजनला सांगेन, पेटीत बिघाड होता.

चार वाजले. दोन्ही फोन एकदम वाजले. एक माझ्या समोर, एक आत.

एकदाच. दुसरी घंटी अर्धवट राहिली.

समोरचा रिसीव्हर जागेवर होता. मी त्याच्याकडे टक लावून बघत होते, तो हलला नव्हता. मी मोबाइलकडे पाहिलं.

रहिवासी आले.

७

मग मला प्रफुल्लाचा आवाज ऐकू आला.

न्हाणीघरातून येत होता. रिसीव्हर कानाला लावलेल्या माणसाच्या शेजारी उभं राहिलं की पलीकडचं बोलणं जसं बारीक, पत्र्यातून आल्यासारखं ऐकू येतं, तसा. ती सांगत होती, तिच्या मुलीची परीक्षा झाली. घरातला एसी गळतो, खाली पातेलं ठेवावं लागतं. मग थांबली, समोरचं ऐकावं तशी. मग हसली. "हो, केलं होतं ना, कुळथाचंच केलं." पुन्हा थांबली.

ती थांबायची तेव्हा आतून काहीच ऐकू यायचं नाही. श्वाससुद्धा नाही. फक्त ती पुन्हा बोलू लागायची, उत्तर मिळाल्यासारखी.

ओरडावं, उठावं, दार लोटावं, हे सगळं मला सुचलं. केलं काहीच नाही, पलंगाच्या कडेवर बसून राहिले. मी विचार करत राहिले. आत येताना मी न्हाणी पाहिली होती. तावदानातून मांजरही शिरणार नाही. दाराकडे माझं तोंड होतं. कुणी माझ्यासमोरून गेलेलं नव्हतं. प्रत्येक मुद्दा बरोबर होता आणि आतला आवाज चालूच होता.

"रविवारची फ्लाइट मिळते का बघतेय," प्रफुल्ला म्हणाली. "हो. हो, येते. किती वेळा विचाराल?"

मग ती गप्प झाली. आधीपेक्षा जास्त वेळ.

"काय?" तिचा आवाज बदलला. "कोण बसलंय?"

माझ्या हातातला मोबाइल मांडीवर पडला.

"बाई? कुठली बाई, अप्पा? तुमच्या खोलीत?"

मी फटीकडे पाहिलं.

खालचा फोन मला दिसत होता. रिसीव्हर त्यावर नव्हता. त्याची गुंडाळीची तार ताणून सरळ झालेली होती आणि ती वर गेली होती. गुडघ्याच्या उंचीवरून वर, कमरेच्या वर, छातीच्या वर. शीनप्पांच्या खुर्चीच्या कितीतरी वर. माझी नजर तारेबरोबर चढत गेली. माझ्या डोक्याच्या उंचीलाही ती संपली नाही. फटीच्या वरच्या टोकाशी, जिथे दाराची चौकट सुरू होते तिथे, ती अजून ताठच होती, आणि किंचित माझ्या बाजूला वळत होती.

मी बाहेर कशी आले ते मला आठवत नाही. ग्लॅडिसबाईंनी मला दंडाला धरलं, माझा चेहरा पाहिला आणि एक शब्द न विचारता कुलूप घातलं. दोनदा किल्ली चुकली.

८

त्यांच्या टेबलावर बसून मी टिपण सुधारलं. त्याला सहा मिनिटं लागली.

दोन मिनिटांत कुणी आलं नाही तर फोन ठेवावा आणि बाहेरच्यांना तसं सांगावं. फोन उचलणाऱ्याचं नाव विचारावं. नाव यादीतल्या नावाशी जुळत नसेल किंवा उत्तर येत नसेल तर जोडू नये. यादीतून शीनप्पा बंगेरा हे नाव काढावं. शुक्रवारचा फोन रद्द.

पहिल्यापासून एवढंच लिहायला हवं होतं. वाट पाहावी असं लिहायचं, तर कुठवर तेही लिहायचं, हे मी नवीन मुलांना शिकवते. त्या यंत्रानं काहीही चूक केली नव्हती. कुणाची वाट बघायची ते मी सांगितलं नव्हतं, किती वेळ तेही सांगितलं नव्हतं. जो येईल त्याला रहिवासी म्हण, एवढं मात्र सांगून ठेवलं होतं.

ग्लॅडिसबाईंनी माळ्याला बोलावून जिन्याखालच्या पेटीतून अकराची तार उपटून घेतली. त्याच्या हातात ती वायर लोंबत होती तेव्हा त्या म्हणाल्या, "आता त्या मुलीला सांगा. मी नाही सांगणार. तिचा बाप गेल्याचं मी सांगितलं, हे तुम्ही सांगा."

९

मी तिथूनच मस्कतला फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"प्रफुल्ला, मी वारिजा सालियान. आश्रमाच्या फोनची व्यवस्था बघते. तुमच्याशी जरा..."

"तुम्हीच का त्या? खोलीत बसलेल्या?"

"हो."

"तुम्हाला बघून त्यांनी फोन ठेवला. कधी मधेच ठेवत नाहीत."

"प्रफुल्ला, ते तुमचे वडील नाहीत. मला कसं सांगावं कळत नाही. तुमच्या वडिलांना पाय नव्हते. तिथे जे आहे ते उभं होतं. माझ्यापेक्षा उंच उभं होतं."

तिच्या घरात पातेल्यात पाणी ठिबकत असावं, तो आवाज मला ऐकू येत होता.

"अक्का," ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी शांत होता, "ते अप्पा नाहीत, हे मला दुसऱ्याच शुक्रवारी कळलं."

"मग?"

"मी अकरा वर्षं मस्कतला आहे. तीनदा गेले घरी. अप्पांनी मला कधी विचारलं नाही, कधी येतेस म्हणून. एकदाही नाही. मला उत्तर द्यावं लागू नये म्हणून विचारायचे नाहीत. मी इथे बसून वाट बघायची, आज विचारतील, आज विचारतील. हा विचारतो. दर वेळी. फोन उचलला की पहिलं तेच."

"तुम्ही येऊ नका," मी म्हणाले. "ऐका माझं. सामान आम्ही पाठवून देतो. तार काढून टाकली आहे आम्ही. आता फोन येणार नाही."

"मी येते म्हणून सांगून टाकलंय, अक्का," ती म्हणाली. "आता कसं नाही म्हणू?"

१०

ती रविवारी दुपारी आली. मंगळूरहून टॅक्सी करून. मी आधीच जाऊन बसले होते. काय करणार होते ते माझं मलाच माहीत नव्हतं.

प्रफुल्ला चाळिशीची, सावळी, ठेंगणी. बापाचं नाक. तिनं ग्लॅडिसबाईंना वाकून नमस्कार केला, माझ्याकडे पाहून मान हलवली. रागावलेली दिसत नव्हती. आम्ही दोघी तिच्याबरोबर जाऊ म्हणालो, ती नको म्हणाली. किल्ली घेऊन एकटीच मागे गेली.

व्हरांड्यात आम्ही उभ्या राहिलो. बारा-तेरा मिनिटं झाली असतील. ग्लॅडिसबाई जपमाळ ओढत होत्या. एकदा मला वाटलं, मागून कुणी हुंदका दिला. पण तो झावळीचा आवाजही असेल.

मग ती बाहेर आली. एका हातात ट्रंक. डोळे लाल झालेले, पण चेहरा हलका.

"मिळालं सगळं?" ग्लॅडिसबाईंनी विचारलं.

"हो."

"आणि ती खुर्ची? अप्पांची?"

"ती राहू दे, बाई," प्रफुल्ला म्हणाली. "इथे कुणाला तरी लागेल. आम्हाला नको."

'आम्हाला' हा शब्द ग्लॅडिसबाईंनीही ऐकला. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

अंगणातून गाडीपर्यंत जायला तिला वेळ लागला. ट्रंक जड नव्हती. ड्रायव्हरनं पुढे येऊन ती घेतली तरी तिची चाल तशीच सावकाश राहिली, मधे मधे थांबणारी. दुपारचं लख्ख ऊन होतं. मला नीट दिसत होतं. तिच्याबरोबर कुणी नव्हतं.

गाडीशी पोचल्यावर तिनं मागचं दार उघडलं आणि धरून उभी राहिली. दुसरा हात तिनं टाचा उंचावून दाराच्या वरच्या चौकटीवर ठेवला, आत बसणाऱ्याचं डोकं आपटू नये म्हणून ठेवतात तसा. थोडा वेळ ती तशीच उभी होती. मग तिनं दार हलकेच लावलं, गाडीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूनं आत बसली.